मान्यवरांच्या उपस्थितीत

डिसेंबर १९६८ मध्ये अमेरिकेतल्या स्पोकेन गावच्या लोकांना पेपरात एका कार्यक्रमाची जाहिरात दिसली. तारीख ३०, स्थळ तिथलं विद्यापीठ, मुख्य आकर्षण व्हॅनिला फज नावाचा बँड. आणि त्याखाली, आपल्याकडे 'साथसंगत' लिहून तबलजीचं नाव टाकतात तितक्याच मायेने टाकलेलं दुसरं नाव : लेन झेफलिन. हे कोणी झेफलिन आडनावाचे सद्गृहस्थ असतील, दोन-चार भावगीतं म्हणून उतरतील, अशा हिशेबाने काहींनी तिकीट काढलं असणार. प्रत्यक्षात स्टेजवर चार इंग्रज पोरं चढली आणि त्यांनी सभागृहाच्या काचा हलवल्या. ते लेड झेपेलिन होते. मुद्राराक्षसाचं बिऱ्हाड फक्त सदाशिव पेठेतच असतं असं नाही.

त्या रात्री प्रेक्षकांत कुणीतरी टेपरेकॉर्डर लावून बसला होता म्हणून बरं. या बँडचं माहीत असलेलं सगळ्यात जुनं लाइव्ह रेकॉर्डिंग ते हेच. नाहीतर पुढच्या पिढ्या लेन झेफलिनला शोधत बसल्या असत्या. शोधणाऱ्यांचे हाल करण्यात हा बँड तसा पहिल्यापासून तरबेज. १९७० च्या फेब्रुवारीत कोपनहेगनला झेपेलिन घराण्यातल्या एका बाईंनी आपलं आडनाव वापरायला हरकत घेतली, तेव्हा ही मंडळी 'द नॉब्ज' असं नाव लावून वाजवून मोकळी झाली. आता डेन्मार्कच्या जुन्या पेपरांत 'झेपेलिन' शोधणाऱ्याने काय करावं?

आणि असं शोधणारी माणसं जगात आहेत, चिक्कार आहेत. कोणत्या तारखेला, कोणत्या गावी, कोणतं गाणं कितवं झालं, शेवटी पुन्हा बाहेर येऊन काय वाजवलं, हे जुन्या समीक्षा आणि जाहिराती चाळून ती जुळवत बसतात. मार्क लुइसन या गृहस्थाने बीटल्सचे असे सगळे कार्यक्रम हुडकून १९८६ मध्ये पुस्तकच काढलं. ग्रेटफुल डेड नावाच्या बँडने तीस वर्षांत दोन हजारांहून जास्त कार्यक्रम केले आणि त्यांच्या भक्तांनी त्या कार्यक्रमांतल्या गाण्यांची यादी छापली. ती यादी जाडीला आपल्या तालुक्याच्या मतदार यादीच्या तोडीस तोड आहे, फक्त तिच्यात मयत नावं कमी.

आमच्या घरात हा रोग भाच्यामुळे शिरला. भाचा तळवड्याच्या आयटी पार्कात नोकरीला आहे. तिथे तो काय करतो हे त्याने मला अनेकदा समजावून सांगितलं आहे आणि मी अनेकदा मान डोलावली आहे. रविवारी मात्र तो जे करतो ते मला समजतं, कारण ते त्रिवेणीनगरपर्यंत ऐकू येतं. त्याचा बँड आहे. सराव एका मित्राच्या वडिलांच्या फॅब्रिकेशनच्या शेडमध्ये चालतो. आता आपल्या पट्ट्यात कारखान्यांची सुट्टी गुरुवारी आणि आयटीवाल्यांची शनिवार-रविवारी. त्यामुळे यांचा सराव भरतो तेव्हा शेजारच्या शेडमधला पॉवर प्रेस पूर्ण जोमात असतो. सुरुवातीला पोरांना त्याचा त्रास व्हायचा. आता ड्रमवाल्याला त्याच्याशिवाय वाजवता येत नाही. प्रेसवरचा माणूस पीसरेटवर आहे, त्यामुळे तो लय सोडत नाही, पान खायला उठत नाही आणि मधेच सोलो घेत नाही. असा गुणी तालवादक त्या बँडमध्ये दुसरा नाही.

तर या भाच्याला एकदा वाटलं की आपण ज्या मातीत वाजवतो त्या मातीत आपल्याआधी कोण कोण वाजवून गेलं, याचा इतिहास पाहिजे. त्याची पिढी अशी, की ज्याचा व्हिडिओ नाही ते घडलंच नाही. व्हिडिओ नाही म्हटल्यावर त्याला मी आठवलो.

"मामा, तुम्ही रिटायर आहात, रद्दीसुद्धा वाचून मग विकता, आणि दुसऱ्याच्या कामातल्या चुका काढायला तुम्हाला मनापासून आवडतं. हे काम तुमचंच आहे."

चुका काढणं ही माझी आवड नाही, नोकरी होती. चाकणच्या एका कारखान्यात मी क्वालिटीला होतो. माल आला की तपासायचा. बरोबर असेल तर हिरवं लेबल, दुरुस्त होण्यासारखा असेल तर पिवळं, आणि फेकण्यासारखा असेल तर लाल. माल थोडा चुकलेला असला पण लाइन बंद पडत असली, की वरून फोन यायचा आणि तोच माल 'डेव्हिएशनवर पास' व्हायचा. भाच्याने एक्सेलमध्ये तक्ता केला : तारीख, स्थळ, गाण्यांचा क्रम, वन्समोअर, पुरावा. मी त्याला शेवटी एक रकाना जोडायला लावला : लेबल.

पहिलीच नोंद घराजवळची निघाली. निगडीहून खाली आकुर्डी स्टेशनात उतरून लोणावळा लोकल धरली, की देहूरोड, तळेगाव, कामशेत करत मळवली येतं. कार्ल्या-भाज्याची लेणी बघायला आपण उतरतो ते स्टेशन. तिथे १९७१ साली रॉक संगीताचा मेळावा भरला होता. 'भारताचं वुडस्टॉक' असं ज्याचं कौतुक होतं तो हाच, आणि त्याचं नाव होतं स्नेहयात्रा. नावावरून हा सर्वोदयवाल्यांचा किंवा सेवानिवृत्त शिक्षकांचा मेळावा वाटतो. लोहगड-विसापूरच्या पायथ्याशी, भाताच्या खाचरांच्या शेजारी, केस वाढवलेली मुंबईची पोरं इलेक्ट्रिक गिटारी घेऊन बसली होती, हे त्या नावातून कोणत्याही संशोधकाला कधीच कळणार नाही. मी घरी 'स्नेहयात्रा' म्हटल्याबरोबर ताई म्हणाली, "हो, आम्हीपण गेलो होतो की. अष्टविनायक केले, आणि परत येताना त्या बसवाल्याने जेवणाचे वेगळे पैसे घेतले." साक्षीदार उत्साही असला म्हणजे किती घातक ठरतो, हे मला तिथेच कळलं. लाल लेबल.

मग मी पुण्यातल्या एका जुन्या ग्रंथालयात जायला लागलो. पेपरांच्या बांधीव फायली उघडायच्या म्हणजे ते एकट्याचं काम नव्हे. फाईल टेबलावर आडवी होते, पान उलटायला दोन्ही हात लागतात, आणि उलटलेल्या पानाचा कोपरा हातातच राहतो. तिथले शिपाईमामा दर अर्ध्या तासाने येऊन माझ्यासमोरचा चुरा बघायचे आणि काही न बोलता जायचे. काही पानांना कोणीतरी चिकटपट्टी लावलेली. पट्टीचा गोंद वाळून तपकिरी झालेला, आणि नेमका त्या पट्टीखालचा मजकूर उडून गेलेला. शिवाय ब्लेडवाले वाचक. १९७१ च्या एका अंकात गावसकर असणार तिथे व्यवस्थित चौकोनी खिडकी होती. त्या वर्षी पोराने वेस्ट इंडिजमध्ये ७७४ धावा काढल्या, कापणाऱ्याचा मी राग धरत नाही. पण त्या खिडकीच्या पाठीमागच्या पानावर 'करमणूक' असं सदर होतं, आणि खिडकीतून आता थेट पुढच्या अंकातले सोन्याचे भाव दिसत होते.

हे झालं जे कापलं गेलं त्याचं. जे शाबूत होतं त्याची तऱ्हा वेगळी. मराठी वृत्तपत्रातला कार्यक्रमाचा वृत्तान्त हा एक स्वतंत्र वाङ्मयप्रकार आहे. त्याचा साचा इतका पक्का, की त्यात कोणताही कार्यक्रम ओतला तरी निघणारा पीस मापात येतो. उदाहरणार्थ, लेड झेपेलिन जर तेव्हा तळवड्यात येऊन वाजवून गेले असते, तर चौथ्या दिवशी आतल्या पानावर काय आलं असतं ते मी आत्ता डोळे मिटून सांगतो :

तळवडे, ता. १९ (वार्ताहर) – येथील तरुण मंडळ व ग्रामस्थ यांच्या संयुक्त विद्यमाने इंग्लंडच्या कलावंतांचा सुश्राव्य गायनाचा कार्यक्रम नुकताच मोठ्या उत्साहात पार पडला. अध्यक्षस्थानी माजी सरपंच होते. दीपप्रज्वलन व प्रतिमापूजनानंतर मुख्याध्यापकांनी प्रास्ताविक केले. श्री. पेज, श्री. प्लँट व सहकारी यांचा शाल, श्रीफळ व आंब्याचे रोप देऊन सत्कार करण्यात आला. त्यानंतर कलावंतांनी एकाहून एक सरस गीते सादर करून श्रोत्यांना मंत्रमुग्ध केले. टाळ्यांच्या कडकडाटात श्रोत्यांनी त्यास दाद दिली. आजच्या तरुणांनी अशा कलावंतांचा आदर्श घ्यावा, असे अध्यक्ष म्हणाले. पसायदानाने सांगता झाली. कार्यक्रम यशस्वी करण्यासाठी पदाधिकाऱ्यांनी परिश्रम घेतले.

एवढ्या मजकुरावर मी इन्स्पेक्शन केलं. व्यासपीठावर कोण होतं, ते कळतं. आधी काय पेटवलं, कुणाला काय दिलं, शेवटी काय म्हटलं, तेही कळतं. मधल्या दोन-अडीच तासांत इंग्लंडच्या कलावंतांनी जो उत्पात केला असेल, तो 'एकाहून एक सरस' या तीन शब्दांत बसवलेला. गाणी किती? क्रम काय? ड्रमवाला कोण? तो तर 'सहकारी'मध्ये गेला. तारीखसुद्धा नाही, 'नुकताच' आहे, आणि बातमी किती दिवस टेबलावर पडून होती हे त्या वार्ताहराला आणि देवाला ठाऊक.

ही खोड फक्त आपलीच, असं समजून कमीपणा वाटून घेऊ नये. ६ जुलै १९५७ रोजी लिव्हरपूलच्या वूल्टनमधल्या चर्चच्या जत्रेत जॉन लेननचा पोरसवदा बँड वाजला, आणि त्याच दिवशी त्याची पॉल मॅकार्टनीशी पहिली गाठ पडली. त्या जत्रेची छापील पत्रिका आज जगभर पूजली जाते. तीत लेननच्या बँडच्या दोन फेऱ्यांच्या मधे पोलिसांच्या कुत्र्यांची प्रात्यक्षिकं आहेत. छापणाऱ्याच्या दृष्टीने दोन्ही बाबी सारख्याच महत्त्वाच्या होत्या. कुत्र्यांनी कोणत्या क्रमाने उड्या मारल्या हे मात्र पत्रिकेत दिलेलं नाही, म्हणजे तिथेही न्याय समान.

आता मोठ्या शहरातले मोठे पेपर तरी बरे असतील म्हणून आम्ही १९९६ कडे वळलो. १ नोव्हेंबर १९९६, अंधेरीचं क्रीडासंकुल, मायकल जॅक्सन. तो काही रॉक बँड नव्हे, भाच्याने नाक मुरडलं. पण कात्रणांचा एवढा साठा दुसऱ्या कोणत्याही कार्यक्रमाचा नाही. या कार्यक्रमाबद्दल मराठी वाचकाला काय काय माहीत आहे बघा. विमानतळावर सोनाली बेंद्रेने नऊवारी नेसून, नथ घालून त्याला ओवाळलं. कार्यक्रम शिव उद्योग सेनेसाठी होता. जॅक्सन मातोश्रीवर गेला आणि तिथलं स्वच्छतागृह त्याने वापरलं, हे खुद्द यजमानांनीच कौतुकाने सांगितलं. करमणूक कर माफ झाला, त्याविरुद्ध मुंबई ग्राहक पंचायत कोर्टात गेली, कोर्टाने निर्णयाचा फेरविचार करायला सांगितलं, आणि तो फेरविचार होता होता जानेवारी २०२१ उजाडला. मंत्रिमंडळाने तीन कोटींच्या वरचा तो कर पुन्हा माफ केला. तोवर जॅक्सनला जाऊन अकरा वर्षं झाली होती. म्हणजे ओवाळणी, स्वच्छतागृह आणि कर या तीन बाबतींत हा कार्यक्रम पूर्णपणे उभा करता येतो. त्याने पहिलं गाणं कोणतं म्हटलं, असं मी तळवड्यातल्या माझ्या वयाच्या दहा जणांना विचारलं तर दहाही जण आधी स्वच्छतागृहाचं सांगतील.

खरी मौज मात्र १९७२ ची. जिमी पेज आणि रॉबर्ट प्लँट हे लेड झेपेलिनमधले दोघे त्या वर्षी खरोखर मुंबईला आले होते. त्यांनी इथल्या वादकांना घेऊन स्टुडिओत आपली दोन गाणी नव्याने वाजवून बघितली. सतार, तबला, व्हायोलिनं, सगळा सरंजाम. ती ध्वनिमुद्रणं चोरट्या मार्गाने फिरत राहिली आणि अधिकृतपणे बाहेर यायला २०१५ उजाडलं. आणि एका रात्री हे दोघे कुलाब्यातल्या स्लिप डिस्क नावाच्या छोट्याशा क्लबात गेले आणि तिथल्या पोरांच्या गिटारी, तिथल्याच पोरांचे ड्रम घेऊन वाजवून आले. ज्यांच्यासाठी अमेरिकेत स्टेडियमं भरत, ते कुलाब्यात मागून आणलेल्या वाद्यांवर वाजवत होते. मागून आणलेल्या वाद्यांवर वाजवण्याच्या बाबतीत भाच्याचा बँड थेट त्यांच्या परंपरेतला आहे.

तर हा प्रसंग कोणत्या महिन्यात घडला? कुठे मार्च लिहिलेला सापडतो, कुठे ऑक्टोबर. २०१५ च्या प्रकाशनात स्टुडिओतल्या मुद्रणाची तारीख ऑक्टोबरची आहे, म्हणून आम्ही ऑक्टोबरला हिरवं लेबल दिलं आणि मी मोठ्या आशेने ऑक्टोबर १९७२ चे मराठी पेपर मागवले.

पानंच्या पानं दुष्काळ. महाराष्ट्राने बघितलेल्या मोठ्या दुष्काळांपैकी एक तो. धान्याची टंचाई, अमेरिकेहून आलेला तांबडा मिलो, शाळेतली सुकडी, दुष्काळी कामांवर खडी फोडणारी माणसं. मीही तो मिलो खाल्लेला आहे. त्याची भाकरी थापताना आई अमेरिकेला जे बोलायची ते इथे छापण्यासारखं नाही. त्या दिवसांत कुलाब्यातल्या क्लबात दोन केसाळ इंग्रजांनी काय वाजवलं, याला कोणत्या संपादकाने जागा दिली असती? आणि दिली नाही म्हणून मी त्याच्यावर लाल लेबल लावणार नाही. भाचा थोडा हिरमुसला. त्याला मिलो म्हणजे काय ते सांगावं लागलं. त्याने लगेच फोनवर बघितलं आणि म्हणाला, "मामा, हे आता ग्लूटेन-फ्री म्हणून महाग विकतात."

मग त्या रात्रीचा पुरावा कोणता? तिथे हजर असलेल्यांच्या आठवणी. आणि आठवणींतली गाणी सांगणाऱ्यागणिक बदलतात. कुणाच्या आठवणीत हे गाणं आधी, कुणाच्या आठवणीत ते झालंच नाही. यात खोटं कुणीच बोलत नाही. क्लब, रात्र, वय वर्षं वीस आणि समोर जिमी पेज, अशा अवस्थेत माणूस क्रम लिहून घेत नसतो. पिवळं लेबल.

मार्च १९८० मध्ये द पोलीस हा बँड मुंबईला आला, त्याची नोंद त्या मानाने सरळ आहे. होमी भाभा सभागृह, आयोजक टाइम अँड टॅलेंट्स क्लब ही समाजकार्य करणारी बायकांची संस्था, कार्यक्रम मदतनिधीसाठी. पुढे त्यांच्या जगप्रवासावरच्या चित्रपटात मुंबईची दृश्यंही आली. व्हिडिओ आहे म्हटल्यावर भाच्याने मला पेपर उघडूच दिले नाहीत. माझ्या मते हा अन्याय होता, कारण 'पोलीस' या नावाच्या कार्यक्रमाची बातमी मराठी उपसंपादकाने कोणत्या पानावर टाकली असेल ही माझी उत्सुकता तशीच राहिली.

एवढ्या उचापतीतून माझं एक मत मात्र पक्कं झालं. इतिहासाच्या कामाला कौतुक करणारा समीक्षक काडीच्या उपयोगाचा नाही. तिथे कुरकुऱ्याच पाहिजे. ज्याला कार्यक्रम आवडला तो 'सूर लागला', 'रंग भरला', 'पारणे फिटले' एवढं बोलून घरी जातो. ज्याला आवडला नाही तो घड्याळ बघतो. कार्यक्रम पाऊण तास उशिरा सुरू झाला हे त्यालाच माहीत असतं. तिसऱ्या गाण्याला माइकने दगा दिला, डाव्या बाजूचा कर्णा फाटका होता, गायकाने पाणी किती वेळा प्यायलं, समोरच्या बाईंच्या अंबाड्यामुळे काय दिसलं नाही, सगळं तो मोजून ठेवतो. न्यूयॉर्कच्या एका पेपराने फेब्रुवारी १९६४ मध्ये बीटल्सना टीव्हीवर बघून चक्क टक्केवारी दिली होती : प्रसिद्धी ७५, केशरचना २०, आणि गाण्याला उरलेले ५. माणूस चिडला होता, पण बघा, केसांचा हिशेब ठेवून गेला. 'मंत्रमुग्ध' लिहिणाऱ्याकडून केस मिळाले असते का?

आपल्याकडेही ही खानदानी कुरकुर होती. केशवराव भोळे 'एकलव्य' या नावाने लिहीत, ते आज वाचलं तरी अमुक गवयाने अमुक जागा कशी घेतली आणि कुठे ती त्याच्या हातून निसटली, हे समोर दिसतं. कारण त्यांना कान होते आणि भीड नव्हती. १६ डिसेंबर १९७२ ला, म्हणजे त्याच दुष्काळी वर्षात, पुण्यात भरत नाट्य मंदिरात 'घाशीराम कोतवाल' उभं राहिलं. माणसांचा पडदा, संगीत, नाच. माझ्या लेखी पुण्यातला त्या वर्षीचा रॉक कार्यक्रम तोच. त्याच्यावर लोक इतके संतापले, की १९ प्रयोगांनंतर संस्थेने तो थांबवला. आणि संतापले म्हणूनच कुठे कोण कसं वाकलं, नाना फडणीस कसा नाचला याची बारीकसारीक माहिती वादावादीच्या कात्रणांत शिल्लक आहे. ज्यांना नाटक बंद पाडायचं होतं त्यांनी ते जपून ठेवलं.

समीक्षकाहूनही भारी साक्षीदार म्हणजे शेजारी. 'वाचकांचा पत्रव्यवहार' हे सदर संशोधकाने कधी चुकवू नये. मुंबईत धोबी तलावाला रंगभवन नावाचं उघडं नाट्यगृह होतं. १९७८ पासूनची जॅझ यात्रा तिथली, रॉकवाल्यांचीही ती पंढरी. आसपास रुग्णालयं आणि कॉलेजं, त्यामुळे शांतता क्षेत्राचे नियम कडक झाल्यावर तिथला दणदणाट बंद झाला. रसिकांना विचारा, ते म्हणतील रात्र कशी सरली कळलं नाही. शेजाऱ्याला मात्र किती वाजून किती मिनिटांनी सरली हे कळलेलं असतं, आणि त्याने ते सहीनिशी लिहिलेलंही असतं. २००० च्या ध्वनिप्रदूषण नियमांनी संशोधकांचं एक काम हलकं केलं हेही खरं. कार्यक्रम कधी संपला? दहाला. का संपला? पोलीस आले. सवाई गंधर्व महोत्सव १९५३ पासूनचा. पूर्वी तिथे पहाटेचे राग पहाटे ऐकायला मिळत, आता पहाट घड्याळात बसत नाही.

भाचा एकदा वैतागून म्हणाला, की ज्याचं रेकॉर्डिंग नाही आणि ज्याची समीक्षा नाही ते परत उभं करणं अशक्यच आहे, मामा. हे वाक्य त्याने कुठे उच्चारलं? देहू-आळंदी रस्त्यावर, माझ्या स्कूटरवर मागे बसून, गाथा मंदिराची पाटी डाव्या हाताला असताना. मी स्कूटर बाजूला घेतली. तुकोबांची गाथा इंद्रायणीत बुडवली गेली आणि तेरा दिवसांनी ती वर आली, हे आपण लहानपणापासून ऐकतो. पण ज्यांना चमत्काराचं वावडं आहे तेही मानतात, की अभंग टिकले ते लोकांच्या तोंडी होते म्हणून आणि लिहून घेणारे होते म्हणून. आणि लिहून घेणारे कोण? परंपरा दोन नावं सांगते : संताजी जगनाडे आणि गंगाराम मवाळ. एक चाकणचे, दुसरे कडूसचे. म्हणजे ज्या पट्ट्यात मी आयुष्यभर हिरवी-पिवळी लेबलं लावली त्याच पट्ट्यातले. चौदा टाळकऱ्यांचा तो संच. कोण कुठला, हे आजही भाविक नावानिशी सांगतात. त्यांच्यात कोणी 'सहकारी' नाही. आणि भजनाचा क्रम? सुरुवात कशाने, मधे काय, शेवट कशाने, ती मालिका ठरलेली आहे आणि देहूच्या दुकानात पुस्तकरूपात मिळते. भाच्याने ते पुस्तक घेतलं, उलटसुलट बघितलं आणि म्हणाला, "मामा, ही तर सेटलिस्ट आहे." मग त्याने मला फोनवर अभंग रीपोस्ट नावाचा मुंबईचा बँड ऐकवला, ही पोरं अभंगच गिटार-ड्रमवर गातात. मी ऐकलं. बरं आहे. टाळ हवा होता, आणि तो जरा पुढे हवा होता.

यंदाच्या गणेशोत्सवात सोसायटीने भाच्याच्या बँडला अर्धा तास दिला. सोसायटीची स्मरणिका निघते, तिच्यात वृत्तान्त लिहायचं काम आपसूक माझ्याकडे आलं. पन्नास वर्षांनी कुणी हा कार्यक्रम शोधायला बसला तर त्याचे हाल होऊ नयेत, एवढाच माझा हेतू होता. म्हणून मी सत्कार कुणाचे झाले ते लिहिलंच नाही. मी लिहिलं की साडेसातचा कार्यक्रम, रांगोळी स्पर्धेची बक्षिसं संपेनात म्हणून नऊला दहा मिनिटं कमी असताना सुरू झाला. पहिल्या गाण्यात गायकाचा माइक बंद होता आणि तेच गाणं सगळ्यात बरं झालं. दुसऱ्यात गिटारची तार तुटली. तिसऱ्या गाण्यात ड्रमवाला सारखा डावीकडे बघत होता. शेजारी प्रेस नसल्यामुळे त्याला सम सापडत नव्हती. बेस गिटारवाल्याने चारही गाण्यांत एकच सूर वाजवला, पण तो बरोबर होता. नऊ सत्तावीसला लाइट गेली, जनरेटर चालू होईपर्यंत प्रेक्षकांतल्या लहान मुलांनी आरती म्हटली आणि ती तालात होती.

बेस गिटारवाला माझ्याशी बोलत नाही. ड्रमवाल्याच्या आईने ताईला फोन करून विचारलं, तुमच्या भावाला संगीतातलं कितपत कळतं. भाच्याने मात्र वृत्तान्त शांतपणे वाचला, फोनवरचा व्हिडिओ समोर धरून ओळ न् ओळ ताडून बघितली, आणि एका जागी बोट ठेवलं. शेवटी आम्ही पुन्हा स्टेजवर गेलो ते श्रोत्यांनी वन्समोअर दिला म्हणून, असं तो म्हणतो. मागच्या रांगेतून जे ओरडले ते "बास करा" होतं, असं मी लिहिलं आहे. व्हिडिओ आम्ही कितीतरी वेळा मागेपुढे करून ऐकला, पण नेमक्या त्याच क्षणी पलीकडच्या मंडळाचा ढोल सुरू झालेला. शेवटी वन्समोअरच्या रकान्यात पिवळं लेबल लावलं आणि डेव्हिएशनवर पास केलं. ताई पहिल्या रांगेत बसली होती, तिला विचारता आलं असतं. पण ती कानात कापूस घालून आली होती.